ओट्याची अट

अण्णांनी डोंबिवलीला आमच्याकडे राहायला यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. घरापुढे ओटा हवा.

अट साधी होती. अण्णांच्या अटी नेहमी साध्याच असत. त्या पुऱ्या करणारा माणूस मात्र नंतर तितका साधा राहत नसे.

हे पंचावन्न सालचं. थोरल्या दादाची नागपूरला बदली झाली होती आणि तो व अण्णा राहत त्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या खोल्या घरमालकाला परत हव्या होत्या. अण्णांनी एक तर दादाबरोबर नागपूरला जायचं, नाही तर आमच्याकडे यायचं, असा प्रश्न होता आणि त्याचा निकाल दसऱ्याच्या आत लागायला हवा होता. नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल डॉक्टर जे बोलले होते ते दादाने मला बाहेर नेऊन सांगितलं होतं. अण्णांचा दमा तिथे दोन उन्हाळे काढेल असं कुणालाच वाटत नव्हतं. मला ते आमच्याकडे हवे होते. पण हे बापाला तोंडाने सांगायची पद्धत आमच्या घरात नव्हती. ओटा बांधून सांगितलेलं चाललं असतं.

नौपाड्याच्या घराला रस्त्यालगत ओटा होता. दोन हात रुंद, वर शहाबादी फरशी. निवृत्त झाल्यापासून अण्णा संध्याकाळी त्यावर बसत आणि नौपाडा त्यांच्यापुढून जाई. पोस्टमन अर्ध्या आळीचं टपाल त्यांच्याकडे देऊन पुढे जात असे.

"तुझ्या घरात वाईट काही आहे असं मी म्हणत नाही," अण्णा म्हणाले. "पण ते घर म्हणजे पोस्टाची पेटी आहे. आत टाकलेला माणूस बाहेरून दिसत नाही."

"खिडकी आहे की, अण्णा."

"खिडकीत बसणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर संशयी."

आमचं घर स्टेशनच्या पश्चिमेला, कोपरच्या वाटेवर होतं. तीन वर्षांपूर्वी परशुरामशेट म्हात्र्यांकडून प्लॉट घेऊन ते मी बांधलं. दार उघडलं की तीन पायऱ्या आणि पायऱ्या संपल्या की वाट. पायऱ्यांच्या बाजूला ओटा घालायला जागा भरपूर होती. एका रविवारी काम उरकेल असा माझा अंदाज होता. हा अंदाज मी शेजारी बोलून दाखवला ही पहिली चूक.

उजवीकडच्या घरात गुरुदत्त नाडकर्णी मास्तर राहत. मूळचे कारवारचे, जन्मभर संस्कृत शिकवलेले. ओटा बांधायचा आहे म्हटल्यावर त्यांनी तो कुठे बांधणार हे विचारलं नाही. शब्द कुठून आला ते माहीत आहे का, असं विचारलं.

"ओट्टु," ते म्हणाले. "कानडी. ओट्टु म्हणजे रास. ढीग. दगडांचा ढीग घातला, वरून सपाट केला, झाला ओटा."

"गुजरातेत ओटलो म्हणतात," डावीकडचे हरिहरराव ओक कुंपणावरून म्हणाले. ते पी.डब्ल्यू.डी.तून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते आणि भडोचला चार वर्षं काढल्यामुळे गुजरातचं खातं त्यांच्याकडे होतं. "शब्द तिकडून आला. आणि तुम्ही ढीग काय म्हणता मास्तर? ढीग वेगळा, बांधकाम वेगळं. आमच्या खात्यात ओटा नव्हताच. प्लिंथ असे, म्हणजे जोतं."

"ज्या खात्यात ओटा नाही ते खातं बसत कुठे होतं?"

"खुर्चीवर."

हा वाद जेवणवेळेपर्यंत चालला. मास्तरांनी कोश आणला. कोशात अर्थ होते, उगमाबद्दल तो काही बोलत नव्हता. दोघांनीही कोशाचं हे मौन आपल्या बाजूचं धरलं. मला इतकंच कळलं की शब्द कानडीतून आलेला असो की गुजरातीतून, तो अजून आमच्या दारापुढे आलेला नव्हता.

हरिहररावांनी नकाशा काढून दिला आणि परवानगीशिवाय एक दगड हलवू नका असं बजावलं. म्हणून मी कचेरीत गेलो. कारकुनाने अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "ओटा कसला? मासळीचा की भाजीचा?"

"बसायचा."

"मंडईत बसायला स्वतंत्र ओटा मिळत नाही. मालाचा मिळतो."

"मंडईत नाही. घरी."

"घरी विक्री करता येणार नाही."

मी त्याला शांतपणे समजावलं की मला काही विकायचं नाही, वडिलांसाठी ओटा हवा आहे. कारकुनाचा चेहरा एकदम मऊ झाला. खुर्ची पुढे सरकवून हलक्या आवाजात तो म्हणाला, "कधी झालं?"

त्याच्या दप्तरात ओटे तीनच होते. मासळीचे, भाजीचे आणि स्मशानातले. चौथ्याचा रकाना नव्हता. वडील हयात आहेत हे कळल्यावर तो थोडा नाराज झाला, पण माणूस मदत करणारा होता. "व्हरांडा लिहा," त्याने सुचवलं. "व्हरांड्याचा रकाना आहे. पण मग छप्पर लागेल. आणि कठडा."

"मला छप्पर नको, कठडाही नको."

"मग तो व्हरांडा कसा होईल?"

अशा रीतीने मी ओटा मागायला गेलो आणि छपराच्या, कठड्याच्या व्हरांड्याची परवानगी घेऊन आलो. नाडकर्णी मास्तरांनी व्हरांडा शब्द पोर्तुगीज की संस्कृत यावर सुरुवात केली तेव्हा मी घरात गेलो.

त्या काळी सिमेंट परवान्यावर मिळे. खेपा घालून मी दोन गोण्या मिळवल्या आणि गणू गवंड्याला निरोप दिला की सोमवारपासून ओट्याला हात घाल. सोमवारी मी ऑफिसातून परत आलो तर दारापुढे काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात मात्र मंदाकिनी उभी होती आणि तिच्या कमरेइतका उंच, गुळगुळीत, अजून ओला असा एक ओटा भिंतीला लागून उभा होता.

"हे काय?"

"ओटा," मंदाकिनी म्हणाली. "मुंबईच्या नव्या ब्लॉकांतून आता असेच असतात. उभं राहून स्वयंपाक. तीन वर्षं मागतेय."

"अगं, पण अण्णांचा ओटा..."

"अण्णा आले की त्यांना जेवायला लागेलच ना? माझे गुडघे गेले तर वाढणार कोण?"

मी गोण्या पाहायला गेलो. सिमेंट संपलं होतं. दोन्ही गोण्या त्या ओट्यात गेल्या होत्या. हरिहररावांच्या पत्नी वासंतीवहिनी येऊन तो ओटा पाहून गेल्या आणि त्या रात्री ओकांच्या घरातून वरच्या पट्टीतलं बोलणं ऐकू आलं.

"सिमेंट नाही तर नाही," दुसऱ्या दिवशी हरिहरराव म्हणाले. "चुन्यात दगडी प्लिंथ उचला. आणि दगड तर तुमच्या दारात पडलाय."

पडलेला नव्हता, रचलेला होता. प्लॉटच्या कोपऱ्यात, वाटेच्या कडेला, छातीइतक्या उंचीचा काळ्या दगडांचा एक चौकोनी ढीग पहिल्यापासून होता. वरचा दगड सपाट आणि कडा घासून गुळगुळीत झालेल्या. मी तो कुठल्याशा जुन्या बांधाचा उरलेला तुकडा समजत होतो.

"कुणीतरी मुद्दाम रचलेलं वाटतंय," मंदाकिनी म्हणाली. "परशुरामशेटना विचारा एकदा."

"खरेदीखतात सगळा प्लॉट माझा आहे," मी म्हणालो. "आपल्या दगडांबद्दल मी दुसऱ्याला काय विचारायचं?"

हे वाक्य मी बऱ्यापैकी ताठ उभा राहून उच्चारलं होतं. दुपारपर्यंत गणूने ढीग उतरवला आणि संध्याकाळी त्याचे दगड माझ्या व्हरांड्याच्या पायात बसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचे कपडे करून दार उघडलं तर समोर तुळसाबाई उभ्या. परशुरामशेटची बायको. जमिनी विकून घरात पैसा आला तरी वाडीतली भाजी स्वतःच्या डोक्यावरून बाजारात न्यायचं त्यांनी सोडलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोक्यावर दिलेली भाजी कोमेजते असं त्यांचं मत होतं. डोक्यावर शिराळ्यांनी आणि काकड्यांनी भरलेली पाटी होती. मागे आणखी बायका होत्या, त्यांच्या डोक्यांवर पाट्या आणि भारे.

"ओटा कुठं ग्येला?" तुळसाबाईंनी विचारलं.

"कुठला ओटा?"

"ह्यो. इथला." मान हलवता येत नव्हती, म्हणून त्यांनी डोळ्यांनी कोपरा दाखवला.

"ते नुसते दगड होते."

"दगर व्हते म्हंजे ओटाच व्हता. मंग काय पिठाचा असतोय?"

मी खरेदीखताबद्दल बोलणार होतो. पण पाटीखाली उभ्या असलेल्या बाईशी कायद्याचं बोलणं कठीण जातं.

"आता कवरा येळ उभी ऱ्हावू?" त्या म्हणाल्या. "हात लावा."

मी हात लावला. पाटी खाली घेतली. मागच्या बाईने पाटी पुढे केली. तिलाही हात लावला. सगळ्यांची ओझी उतरली, बायकांनी कमरा सरळ केल्या, पाणी मागितलं, आणि मग तीच ओझी परत डोक्यांवर चढवायची वेळ आली.

कोपरच्या बाजूने निघालेलं ओझं बाजारापर्यंत एका दमात जात नाही. मध्ये कुठेतरी टेकावं लागतं. भरलेली पाटी एकटीला ना उतरवता येते ना चढवता येते. पण छातीइतका ओटा असला की किंचित वाकायचं, पाटी त्यावर सरकवायची, दम घ्यायचा, आणि परत तिच्याखाली डोकं घालून चालू लागायचं. कुणाची गरज नाही. ओटा नसला तर वाटेत जो भेटेल त्याने हात लावायचा, असा रिवाज. नाही म्हणायची सोय त्यात नाही. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, हात लावता लावता समजलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी कोपरच्या वाटेवरचा ओटा झालो. भाजीचं एक वेळ ठीक होतं. खाडीची कोलंबी आणणारी शालू मात्र उंच होती आणि मी तिच्यामानाने बुटका. टोपली उतरवताना तिच्यातलं पाणी माझ्या डाव्या खांद्यावरून खिशात जाई. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खिडकीजवळ जागा मागू लागले. मंदाकिनीने खांद्यावर टाकायला एक गोणपाट शिवून दिलं. कोट, टोपी आणि गोणपाट अशा वेशात मी रोज दारात उभा राहत असे.

शेजाऱ्यांनी सल्ल्यात कसूर केली नाही. हरिहररावांनी तरफेचं तत्त्व समजावलं आणि प्रत्यक्ष दाखवायला एक पेंढ्याचा भारा उचलला. त्यानंतर ते चार दिवस उताणे होते. नाडकर्णी मास्तर नेमके त्याच वेळी स्नानाला जात. त्यांचं स्नान हल्ली फार लांबलं होतं.

"काय भाऊ," शालू मला विचारी, "आज उशीर क्येला? आमी कवापासून उभ्या."

मग गणूने काम थांबवलं. पायाचे दगड गुडघ्याइतके आले होते, खांबांचे खड्डे खणून झाले होते, कठड्याची एक बाजू उभी होती.

"नाय जमत साहेब," तो म्हणाला. "सगुणा बोलते, ज्या हातानं मोरलास त्याच हातानं रच. तवर घरात ताट नाय." सगुणा म्हणजे त्याची बायको. तीही त्या रांगेत असे.

"तू मालकाचं ऐकणार की बायकोचं?"

गणूला हा विनोद वाटला. "मालक दर कामाला बदलतोय, साहेब," तो हसत म्हणाला आणि हत्यारं गोळा करून गेला.

शेवटी मी परशुरामशेटकडे गेलो. ते अंगणात जाळं विणत बसले होते. गरज नव्हती, पण हात मोकळे ठेवायची सवय नव्हती.

"त्या ओट्याचा खरेदीखतात कुठे उल्लेख नाही," मी म्हणालो.

"नाय," त्यांनी मान्य केलं. "वाटेवरच्या मान्सांचा पन नाय. ती काय मी तुमाला इकली नाय."

"मग आता मी करू काय?"

"मना काय इचारता? जागा तुमची, दगर तुमचं. ओटा बायांचा. बायांशी बोला."

बायांशी बोलायचं म्हणजे चूक कबूल करायची आणि व्हरांड्याच्या पायातले दगड उपसायचे. हरिहररावांनी पलंगावरूनच सांगितलं की प्लिंथमधला दगड काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं आहे, शेजारच्याही हलतात. शिवाय मंजूर झालेल्या व्हरांड्याचं काय? मी दोन्हीकडून विचार करत राहिलो आणि नवरात्र बसलं. दादाचं नागपूरचं निघणं दसऱ्यानंतर लगेच होतं. त्याने अण्णांचंही तिकीट काढून ठेवतो, लागलं नाही तर परत करता येईल, असं सांगितलं. परत करायची त्याची इच्छा होती असं बोलण्यावरून वाटलं नाही.

अष्टमीच्या सकाळी न कळवता अण्णा ओटा पाहायला आले. बरोबर दादा. मी गोणपाट टाकून शालूची टोपली उतरवत होतो.

"हे कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"ओट्यामुळे," मी म्हणालो.

"ओटा कुठाय?"

मी अर्धवट जोत्याकडे बोट दाखवलं. अण्णा काठी टेकत त्यावर चढले, बसून पाहिलं, हाताने कठडा हलवून पाहिला. मग त्यांचं लक्ष बायकांकडे गेलं आणि पुढचा काही वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"बाई, कुठून येता तुम्ही?" त्यांनी तुळसाबाईंना विचारलं.

दादाने दोनदा घड्याळ पाहिलं तेवढ्या वेळात अण्णांना पुष्कळ माहिती मिळाली. शालूचा मोठा मुलगा ठाण्याला शाळेत जातो आणि त्याचं गणित कच्चं आहे. सगुणेचा गणू पावसाळ्यात काम नसलं की चिडका होतो. आणि तो मोडलेला ओटा परशुरामशेटच्या आजीने रचून घेतला होता. ती पोटुशी असताना भाताचा भारा घेऊन इथे आली, उतरवायला कुणी भेटलं नाही, आणि ती तशीच पुढे गेली. ते मूल राहिलं नाही. दुसऱ्या वर्षी तिने सासऱ्याकडे दागिना मागितला नाही, ओटा मागितला.

तीन वर्षं मी त्या ढिगाजवळून मान खाली घालून ऑफिसला जात होतो.

अण्णा उठले. "प्रभाकर, ह्यांचा ओटा मोडून मला ओटा बांधतोयस?"

"अण्णा, तुमची अट होती..."

"ओट्याची होती. हा कठडा कशाला? मला आत ठेवायला की ह्यांना बाहेर?"

"कचेरीने..."

"कचेरी इथे बसायला येणार आहे का?"

"मग अण्णा," दादा म्हणाला, "नागपूरचं तिकीट नक्की करू?"

अण्णांनी त्याला हाताने थांबवलं, पण नाहीही म्हटलं नाही. "आधी ह्यांचा ओटा रच," ते मला म्हणाले. "मग माझा. माझ्याला वेळ उरला नाही तर नागपूर आहेच."

दसरा परवावर आला होता. माझ्या गोणपाटावरून पाणी ठिबकत होतं.

"बाबा, दोन कशाला?" तुळसाबाई म्हणाल्या. "येकच करा. हितं खाली तुमी बसा, तितं वर आमी ठेवू. येका अंगानं खाली, येका अंगानं वर. दगर बी कमी लागल."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुळसाबाईंना म्हणालो, "चुकलं माझं."

"ते कललं आमाला," त्या म्हणाल्या. "पैलं पाटीला हात लावा."

गणू त्याच दुपारी आला. कठडा उतरवला, खड्डे बुजवले. उरलेल्या उंचीसाठी परशुरामशेटनी गाडीभर दगड पाठवले आणि वर निरोप, की हे मात्र खरेदीखतात घालू नका. हरिहरराव कमरेला पट्टा बांधून फीत घेऊन आले. बसायची उंची त्यांनी फितीने मोजली. ओझ्याची उंची तुळसाबाईंनी दगडाला छाती लावून मोजली. दोन्ही मापं हरिहररावांनी नकाशावर उतरवून घेतली. नवमीला संध्याकाळी शेवटचा सपाट दगड वर बसला.

दसऱ्याला सकाळी, आपट्याची पानं वाटायच्या आधी, कचेरीतून तपासणीला गृहस्थ आले. सुट्टीच्या दिवशी का आले हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांनी परवानगीचा कागद काढला. "व्हरांडा कुठे आहे?"

"बांधला नाही," मी म्हणालो.

"मग हे काय?"

आता प्रश्न नाजूक होता. ओटा म्हणावं तर घरी विक्री. व्हरांडा म्हणावं तर छप्पर नाही. हरिहरराव 'प्लिंथ' म्हणायला तोंड उघडत होते. प्लिंथ म्हणजे अपुरं बांधकाम, आणि त्याला दंड. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"ओट्टु," नाडकर्णी मास्तर कुंपणापलीकडून म्हणाले. आज ते स्नानाला गेले नव्हते. "मूळ अर्थ पाहिला तर हा ढीग आहे."

"ढीग?" गृहस्थांचा चेहरा उजळला. "दगडांचा ढीग? मग सरळ सांगा ना. ढिगाला परवानगी लागत नाही." त्यांनी तसा शेरा मारला, खालच्या टप्प्यावर ऐसपैस बसून पाणी प्यायले आणि जागा गार आहे असं म्हणाले. मास्तर पुढे वर्षभर हरिहररावांना तो शेरा ऐकवत असत.

दुपारी दादा अण्णांची ट्रंक घेऊन आला. अण्णा ट्रंकेबरोबर आत आले नाहीत. ते बाहेरच बसले. मंदाकिनीने चहाही तिथेच दिला.

दसऱ्यानंतर पहिल्यांदा ऑफिसला गेलो त्या दिवशी परतायला उशीर झाला. मी वाटेवरून आलो तेव्हा ओटा भरलेला होता. एका बाजूला शालूचा मुलगा गणिताची वही घेऊन बसला होता, दुसऱ्या बाजूला परशुरामशेट. वरच्या टप्प्यावर रिकाम्या पाट्या आणि त्यांना टेकून बाजारातून परतलेल्या बायका. कोण कोण होते, मला सगळे ओळखू आले नाहीत. बसायला जागा नव्हती. मी पायरीशी छत्री घेऊन उभा राहिलो.

"कोन पायजे?" त्यातल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं.

अण्णांनी मान वळवून पाहिलं.

"हा माझा धाकटा," ते म्हणाले. "आत राहतो."